गाडीचं दार ते दुकानाचं दार

शनिवारची सकाळ, इंग्लंडातलं एखादं मोठं सुपरमार्केट. दाराच्या अगदी जवळ, जमिनीवर व्हीलचेअरचं चित्र रंगवलेल्या जागेत एक गाडी येऊन थांबते. पुढून आई उतरते, मागच्या दारातून नऊ-दहा वर्षांचा मुलगा. उंच, काटक, पायांत धावायचे बूट. दोघं भराभर चालत दुकानात शिरतात. हे सगळं उरकायला वीस सेकंद लागतात आणि तेवढ्यात ट्रॉली ढकलत जाणाऱ्या कुणाचा तरी निकाल लागून गेलेला असतो: पोरगं चांगलं धडधाकट आहे, आईलाच चार पावलं चालायचा कंटाळा. कुणी नुसतं रोखून बघतं, कुणी मान हलवतं, कुणी तोंडावर बोलतं. कधी परत आल्यावर वायपरखाली खोचलेली चिठ्ठी सापडते.

बोलणारा माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो. त्याच्या घरी किंवा शेजारी कुणीतरी व्हीलचेअरवर असतं, जागा अडवून बसलेल्या धट्ट्याकट्ट्या लोकांमुळे त्यांचे झालेले हाल त्याने पाहिलेले असतात. त्याची चीड खरी असते, फक्त नजर चुकीच्या ठिकाणी असते. तो मुलाच्या पायांकडे बघतो. बघायला हवं गाडीच्या पुढच्या काचेकडे. तिथे निळा बॅज (ब्लू बॅज), म्हणजे अपंगांना राखीव जागेत गाडी लावायची परवानगी देणारं ओळखपत्र, असेल तर हा प्रश्न कुणीतरी, ज्याच्याकडे तो सोडवायचं काम आहे त्याने, कागदपत्रं बघून आधीच सोडवलेला आहे.

नजर पायांकडे जाण्यात त्या चित्राचाही वाटा आहे. व्हीलचेअरचं हे जगभर दिसणारं चिन्ह १९६८ मध्ये सुसान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढलं. तिच्या मूळ चित्रात नुसती खुर्ची होती, माणूस नव्हताच. वर डोक्याचा गोल नंतर घातला गेला, म्हणून खुर्चीत कुणीतरी बसलंय असं वाटायला लागलं. चिन्ह म्हणून ते उत्तम आहे, लांबून ओळखू येतं, भाषा लागत नाही. पण पन्नासहून अधिक वर्षं रस्त्यावर, दारांवर, लिफ्टपाशी तेच बघून डोळ्यांना एक सवय लागली आहे: चित्रात खुर्ची आहे, म्हणजे गाडीतूनही खुर्चीच निघाली पाहिजे. ब्लू बॅजवरही तेच चित्र आहे. प्रत्यक्षात बॅज मिळालेल्यांपैकी बरेच जण कधीच व्हीलचेअरवर बसलेले नसतात.

ब्रिटनमध्ये ही सोय १९७० च्या कायद्यातून आली. अल्फ मॉरिस या खासदाराने तो कायदा संसदेत आणला आणि पुढच्या वर्षी नारिंगी बॅज सुरू झाले. २००० पासून त्यांची जागा युरोपभर चालणाऱ्या निळ्या बॅजने घेतली. एवढ्या काळात निकष मुख्यतः शरीराच्या हालचालीचे होते, म्हणजे किती मीटर चालता येतं, कशाच्या आधाराने, किती वेदना होतात. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं, मूल शंभर मीटर सहज पळू शकतं, त्यामुळे त्याचा अर्ज बहुधा तिथेच अडायचा. ते शंभर मीटर कुठल्या दिशेने पळेल, हा प्रश्न अर्जात नव्हता. स्कॉटलंड आणि वेल्सने याचा विचार जरा आधी केला. इंग्लंडात ३० ऑगस्ट २०१९ पासून नियम बदलले. गाडीपासून मुक्कामापर्यंत जाताना त्या व्यक्तीच्या किंवा इतर कुणाच्या जिवाला गंभीर इजा होण्याचा धोका असेल, किंवा त्या प्रवासात तिला अतिशय तीव्र मानसिक त्रास होत असेल, तर तेही चालण्यातली मोठी अडचण म्हणून धरलं जाऊ लागलं. चालण्याची शारीरिक क्रिया आणि चालण्याचा अनुभव, दोन्हींचा विचार व्हावा असं त्यात स्पष्ट आहे. माझ्या मते या बदलातला सगळ्यात मोलाचा शब्द ‘अनुभव’ हा आहे.

तो अनुभव म्हणजे काय, ते जरा जवळून बघू. स्वमग्न मुलाला गाडीतून उतरवण्याची एक ठरलेली रीत असते आणि ती पाळणाऱ्या आईवडिलांच्या ती हातात बसलेली असते. इंजिन बंद करायचं, पण मागच्या दाराचं चाइल्ड लॉक तसंच ठेवायचं. मूल आत असतानाच त्याच्या कानांवर आवाज अडवणारे इअर डिफेंडर चढवायचे, कारण दार उघडलं की ट्रॉल्यांचा खडखडाट आणि मागे येणाऱ्या ट्रकची पी-पी एकदम अंगावर येते. मग पुढे काय होणार ते तीन-चार शब्दांत सांगायचं: आधी दूध, मग ब्रेड, मग गाडी. चित्रांच्या पट्टीवर शिकणारं मूल असेल तर ती पट्टी दाखवायची. त्यानंतर बाहेरून दार पूर्ण उघडायचं आणि उघडलेल्या दाराच्या चौकटीत आपण स्वतः उभं राहायचं, म्हणजे पळायला वाटच उरत नाही. आधी मनगट किंवा पाठीवरच्या सॅकचा पट्टा धरायचा आणि मगच सीटबेल्टच्या बटणावरचं कव्हर काढून बेल्ट सोडायचा. क्रम उलटा झाला, बेल्ट आधी सुटला आणि हात नंतर गेला, तर मधल्या एका सेकंदात मूल गाड्यांच्या रांगेत पोचलेलं असतं. गाडी मागे घेणाऱ्या चालकाच्या आरशात एवढ्या उंचीचं मूल दिसेलच असं नाही.

आता यात जागेचं गणित घाला. इंग्लंडात साधारण पार्किंगची जागा २.४ मीटर रुंद आणि ४.८ मीटर लांब धरतात. गाडी १.८ मीटरची म्हटली तर दोन्ही बाजू मिळून राहिले ६० सेंटिमीटर. शेजारच्या गाडीनेही आपल्या वाट्याचं सोडलं असं मानलं, तरी दार अर्धवटच उघडतं. त्या फटीत मोठं माणूस चौकटीत उभं राहू शकत नाही, ते दाराच्या मागे अडकतं आणि मूल पुढच्या बाजूने निसटतं. अपंगांसाठी राखलेल्या जागेच्या शेजारी १.२ मीटरचा पट्टेरी पट्टा असतो. तो व्हीलचेअर वळवण्यासाठी आखलेला आहे हे खरंच. पण नऊ वर्षांच्या मुलाला पाच टोकांच्या हार्नेसमध्ये बसवायला, तेही तो अंग ताठ करून ओरडत असताना, तेवढीच रुंदी लागते. मूल जिथे उतरतं ती जागा गाड्यांच्या वाटेवर नसते, हा दुसरा फायदा. म्हणून त्या पट्ट्यांवर ‘दोनच मिनिटं’ म्हणून गाडी लावणारा माणूस राखीव जागेत गाडी लावणाऱ्याइतकंच नुकसान करतो.

बघणाऱ्यांना दिसतं ते उतरणं. अवघड असतं ते परतणं. जाताना मुलाच्या अंगात ताकद असते, काय होणार ते माहीत असतं, हात धरलेला चालतो. वीस मिनिटांनंतर चित्र वेगळं असतं. ट्यूबलाइटचा झगझगाट, बिपबिप करणारे काउंटर, लाउडस्पीकरवरच्या सूचना, नेहमीच्या जागेवरून हलवलेला ब्रेड. हे सगळं साचत जातं आणि एका क्षणी बांध फुटतो. याला आईबाप मेल्टडाउन म्हणतात. तो हट्ट नव्हे. हट्टाला समोर बघणारं कुणीतरी लागतं आणि हवं ते मिळालं की तो थांबतो. मेल्टडाउनमध्ये मुलाला आपण काय करतोय यावर ताबा नसतो, रागावून किंवा चॉकलेट देऊन तो थांबत नाही. जमिनीवर पडलेल्या ३५ किलोच्या मुलाला उचलून गाडीपर्यंत न्यायचं असतं, तेही डोकं आपटणार नाही आणि कुणाला लाथ लागणार नाही अशा बेताने. गाडी वीस पावलांवर असेल तर आईला हे जमतं. दीडशे पावलांवर, वाटेत दोन वळणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या असतील तर जमत नाही. गाडी ही त्या मुलाची ओळखीची, शांत, दार बंद करता येणारी खोली असते. अंतर महत्त्वाचं असतं ते तिथे लवकर पोचण्यासाठी.

स्वमग्नतेबद्दल एवढं लिहिलं, कारण लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज तिथे होतो. पण हे परतण्याचं गणित इतरांनाही लागू आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेली पस्तिशीची बाई जाताना ताठ चालते आणि अर्ध्या तासाने तिचे पाय तिचं ऐकत नाहीत. हृदय कमकुवत झालेल्या माणसाला सपाटीवर काही वाटत नाही, चढ आला आणि वारा समोरून असला की दर दहा पावलांवर थांबावं लागतं. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे आतड्यांचा दाह. शौचालय गाठायला मिनिटभराचीच सवड मिळणाऱ्या माणसाला लाज राखण्यासाठी गाडी जवळ लागते. क्रोन्स अँड कोलायटिस यूके या संस्थेने मोहीम केल्यापासून तिथल्या बऱ्याच दुकानांतल्या स्वच्छतागृहांच्या दारांवर ‘प्रत्येक अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही’ अशा अर्थाच्या पाट्या दिसतात. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांचे पाय दणकट असतात, तीच अडचण असते. मुलगा तिकीट काढायला वळतो तेवढ्यात ते दिसेनासे होतात.

बॅज मागितला की मिळतो, असा एक समज आहे. तो मिळवायला काय करावं लागतं ते माहीत असलं तर बघणाऱ्यांच्या मनातला निम्मा संशय जाईल, म्हणून जरा तपशिलात जातो. अर्ज सरकारी संकेतस्थळावर करायचा, निर्णय स्थानिक कौन्सिलचा. इंग्लंडात फी जास्तीत जास्त १० पौंड, वेल्समध्ये फुकट. बॅज जास्तीत जास्त तीन वर्षांचा. निर्णयाला १२ आठवडे किंवा त्याहून जास्त लागू शकतात. काही जणांना तो आपोआप मिळतो, उदाहरणार्थ ज्या मुलाला अपंगत्व भत्त्यातला हालचालीचा वरच्या दराचा हिस्सा मिळतो त्याला. हा वरचा दर तीन वर्षांच्या आधी मिळतच नाही. तीनपेक्षा लहान मुलांसाठी वेगळा निकष आहे: अवजड वैद्यकीय उपकरण सतत सोबत लागत असेल, किंवा तातडीच्या उपचारासाठी गाडीजवळ राहावं लागत असेल तर.

सोळाव्या वर्षी मूल पिप नावाच्या मोठ्यांच्या अपंगत्व भत्त्याकडे जातं आणि तिथे एक खाच आहे, जिच्यात खूप घरं अडखळतात. पिपमध्ये ‘प्रवासाचं नियोजन आणि प्रवास करणं’ या सदरात गुण देतात. तीव्र मानसिक त्रासामुळे कुठलाच प्रवास करता येत नाही, असं ठरलं तर १० गुण, आणि ब्लू बॅज आपोआप. अनोळखी वाटेने एकटं जाता येत नाही, यालाही १० गुणच आहेत, पण त्यावर बॅज आपोआप मिळत नाही. ओळखीच्या वाटेनेही सोबतीशिवाय जाता येत नाही, याला १२ गुण, म्हणजे सगळ्यात जास्त, आणि तरीही बॅज आपोआप नाही. ‘आम्हाला जास्त गुण मिळाले, मग बॅज का नाही?’ असं आईबाप विचारतात, तेव्हा त्यांचं काही चुकत नसतं. इथे गुणांच्या आकड्याला किंमत नाही, तो कुठल्या वाक्याखाली मिळाला त्याला आहे. अशा वेळी सविस्तर मूल्यमापनाच्या मार्गाने अर्ज करायचा. तो मार्ग खुला असतो, एवढंच की निर्णयाच्या पत्रात हे कुणी सांगत नाही आणि लोक तिथेच हात टेकतात. हालचालीच्या सदराचा हिशेब मात्र सरळ आहे, त्यात ८ किंवा जास्त गुण मिळाले की बॅज मिळतो.

सविस्तर अर्ज फेटाळले जातात ते बहुधा लिहिण्याच्या पद्धतीमुळे. लोक निदान लिहितात: ‘ऑटिझम आहे, वयाच्या चौथ्या वर्षी कळलं.’ निदानावर बॅज मिळत नाही. गाडी थांबल्यापासून दारापर्यंत काय घडतं, किती वेळा घडतं, शेवटचं कधी घडलं, ते लिहावं लागतं. ‘रस्त्याचं भान नाही’ यापेक्षा ‘गेल्या दोन महिन्यांत तीनदा हात सोडवून वाहनांसमोर पळाला, दोनदा मोठ्या माणसाने जमिनीवर धरून ठेवावं लागलं’ हे वाचणाऱ्याला कळतं. दुसरी चूक म्हणजे बऱ्या दिवसाचं वर्णन करणं. आपल्या लेकराबद्दल वाईट लिहायला आईचा हात धजत नाही, ती लिहिते ‘कधीकधी त्रास देतो’ आणि अर्ज तिथेच पडतो. अडचण टाळायला तुम्ही काय काय करून बघितलं, तेही अर्जात विचारतात. हार्नेस, इअर डिफेंडर, गर्दी नसताना जाणं, दोन मोठ्यांनी जाणं, हे सगळं लिहायचं आणि त्याने कितपत भागलं तेही. शेवटी जवळचं पार्किंग मिळाल्याने नेमका काय फरक पडेल ते सांगायचं. पुरावा म्हणून बालरोगतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मुलाचा शिक्षण-आरोग्य-देखभाल आराखडा, असे जवळून बघणाऱ्यांचे कागद लावायचे. वर्षाकाठी दहा मिनिटं भेटणाऱ्या फॅमिली डॉक्टरच्या दोन ओळींवर भिस्त ठेवू नये. नकार आला तर कौन्सिलने कारण द्यायचं असतं आणि फेरविचार मागता येतो. कौन्सिलने काम नीट केलं नाही असं वाटलं तर स्थानिक प्रशासनाच्या लोकपालाकडे तक्रार जाते.

हे सगळं पार करून आलेला बॅज कसा वापरायचा, याचे नियमही कडक आहेत आणि कुटुंबांनी ते पाठ करायला हवेत, कारण बघणाऱ्यांचा विश्वास त्यावरच टिकतो. बॅज माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. मूल मामाच्या गाडीत बसलं तर बॅज तिथे लावता येतो, टॅक्सीतही. उलट मूल घरी आजीपाशी असेल आणि आई एकटी दुकानात गेली, तर तो बॅज लावणं गुन्हा आहे, दंड १,००० पौंडांपर्यंत. मुलाला सोडायला किंवा आणायला गेलेली गाडी चालते. बॅजची व्हीलचेअरचं चित्र आणि मुदत असलेली बाजू वर, फोटोची बाजू खाली. इंग्लंडात एकेरी किंवा दुहेरी पिवळ्या रेघेवर माल चढवण्या-उतरवण्याची मनाई नसेल तर तीन तास थांबता येतं, तेव्हा शेजारी निळं घड्याळ ठेवून त्यावर पोचल्याची वेळ लावायची. शाळेच्या दारासमोरच्या नागमोडी रेघांवर बॅज असूनही थांबता येत नाही. मध्य लंडनमध्ये सिटी, वेस्टमिन्स्टर, केन्सिंग्टन अँड चेल्सी आणि कॅम्डनचा काही भाग इथे वेगळे नियम आहेत, तिकडे जाताना आधी बघून जावं. न दिसणारं अपंगत्व सुचवणारी, सूर्यफुलांची चित्रं असलेली हिरवी नाडी, जी २०१६ मध्ये गॅटविक विमानतळावर सुरू झाली, ती गळ्यात असली म्हणून पार्किंगचा हक्क येत नाही, ही गल्लतही बरेच जण करतात.

गैरवापर होतो, हे झाकण्यात अर्थ नाही. कौन्सिलने दाखल केलेल्या खटल्यांत बहुतेक खटले दुसऱ्याचा बॅज वापरल्याचे असतात: आजीचा बॅज नातवाने, कधी वारलेल्या माणसाचा बॅज त्याच्या मुलाने. म्हणजे फसवणूक करणारा हा सहसा खोटं आजारपण रचून बॅज मिळवणारा नसतो, खऱ्या बॅजवर फुकट बसणारा घरचाच माणूस असतो. ज्याच्याबरोबर बॅजवाली व्यक्ती उतरलीच नाही, त्याच्यावर संशय घ्यायला जागा आहे. आईसोबत उतरलेल्या मुलावर नाही.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांची एक तक्रार मात्र नीट ऐकायला हवी. २०१९ मध्ये नियम बदलले तेव्हा इंग्लंडात सुमारे २३ लाख बॅज होते. निकष रुंदावले, पण राखीव जागा त्याच हिशेबाने वाढल्या नाहीत. रॅम्प बाजूने उघडणारी गाडी असलेल्या माणसाला पट्टेरी जागा मिळाली नाही तर त्याला घरी परतण्याशिवाय पर्याय नसतो. म्हणून ज्याला रुंदी लागत नाही, नुसतं अंतर कमी हवंय, त्याने दाराजवळची साधी जागा मोकळी असेल तर ती घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. कायदा तसं सांगत नाही. बरीच कुटुंबं आपणहून तसं करतात. आणि जागा वाढवण्याचं काम कौन्सिल आणि दुकानांचं आहे, दोन गरजवंतांनी एकमेकांशी भांडून ती वाढणार नाही. सुपरमार्केटचं आवार खाजगी असतं, तिथे ब्लू बॅजचे रस्त्यावरचे नियम थेट लागू होत नाहीत, पण २०१० च्या समता कायद्याखाली अपंगांसाठी वाजवी सोय करणं दुकानाला बंधनकारक आहे. बॅज नसलेल्या गाड्या राखीव जागांत सर्रास लागत असतील तर तक्रार ग्राहक सेवेच्या काउंटरवर करायची. गैरवापराचा खरंच संशय असेल तर गाडीचा नंबर, बॅजवरचा नंबर, ठिकाण आणि वेळ टिपून कौन्सिलला कळवायचं. अधिकाऱ्याने बॅज मागितला तर तो दाखवावाच लागतो, आणि त्याला तो जप्तही करता येतो. वाटेवरच्या माणसाला त्यातलं काही करता येत नाही, फोटोची बाजू बघायला मागता तर येत नाहीच.

कुणी अंगावर आलं तर काय बोलायचं, याची कुटुंबांनी घरी तयारी करून ठेवावी. एक वाक्य पुरतं: ‘बॅज माझ्या मुलाचा आहे, काचेवर लावला आहे.’ एवढं म्हणून चालायला लागायचं. निदान सांगत बसू नये, विशेषतः मुलादेखत. बोलता न येणाऱ्या मुलालाही ऐकू येतं आणि आपल्याबद्दल कुठल्या आवाजात बोललं जातंय ते कळतं. शिवाय दाराजवळ उभं राहून वाद घालण्यात जी पाच मिनिटं जातात ती मुलाच्या सहनशक्तीतून वजा होतात. अनोळखी माणसाचा चढलेला आवाज हा मेल्टडाउनच्या सगळ्यात नेमक्या कारणांपैकी एक आहे.

विलायतेतल्या मराठी घरांत आणखी एक नजर असते, ती घरातलीच. बॅजसाठी अर्ज करायचा म्हटलं की ‘अपंग’ हा शब्द कागदावर येतो आणि तिथे पेन अडतं. ‘दिसतो तर किती छान’, ‘मोठा झाला की सुधारेल’, ‘मुलं उशिरा बोलतातच, तुझा काकाही पाचव्या वर्षी बोलला’, असं म्हणणारे मायेने म्हणतात. पुण्याहून सहा महिने राहायला आलेल्या आजी-आजोबांना नातवाच्या गाडीत तो बॅज बघून धक्का बसतो, काहींना तो काढून ठेवावा असं वाटतं, ओळखीचं कुणी भेटलं तर काय म्हणेल म्हणून. त्यांना समजावताना वैद्यकीय शब्दांचा उपयोग होत नाही. त्यांना एकदा सोबत घेऊन जावं आणि परतीच्या वाटेवर मुलाचा हात त्यांच्या हाती द्यावा, एक हात आपणही धरून. पुढच्या वेळी बॅज काचेवर लावला का, हे आजोबाच विचारतात.

भारतातही कागदावर बरंच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरले आहेत, त्यात स्वमग्नता, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल अशा बऱ्याचदा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवस्थाही आहेत. राखीव पार्किंगसाठी ३.६ मीटर बाय ५ मीटरचं मापही ठरलेलं आहे. पण यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पाकिटात असतं, काचेवर नसतं, आणि ब्लू बॅजसारखी देशभर चालणारी खूण आपल्याकडे नाही. त्यामुळे मॉलच्या तळघरात निवाडा करतो तो सुरक्षारक्षक, तोही आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवून. त्याला कार्ड बघायला सांगण्याचं काम मॉलच्या व्यवस्थापकाचं आहे.

इंग्लंडातले आपले गणेशोत्सव बहुधा शाळांच्या भाड्याच्या सभागृहांत होतात. तिथे मंडळाला आधीच करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत आणि त्यांना खर्च नाही. निमंत्रणातच लिहायचं की ज्यांना दाराजवळ जागा लागते त्यांनी कळवावं, कारण विचारलं जाणार नाही. राखीव जागांपुढे सकाळीच दोन-दोन शंकू ठेवायचे, नाहीतर ढोल-ताशांचं सामान आणणारी व्हॅन तिथेच लागते. फाटकावरच्या स्वयंसेवकाला एकच सूचना द्यायची: काचेकडे बघ, माणसांकडे नको. ढोल किती वाजता सुरू होणार ते कळवायचं, म्हणजे ज्या घरांना हवं ते आधी दर्शन घेऊन बाहेर पडतील. आणि आरतीच्या वेळी दाराजवळच्या एखाद्या गाडीत मागच्या सीटवर, दार अर्धं उघडं ठेवून, कानांवर इअर डिफेंडर लावलेलं एखादं मूल बापाच्या मांडीवर बसून हळूच टाळ्या वाजवत असेल, तर त्याला ‘आत ये ना’ म्हणून बोलवायला जाऊ नये. ते आरतीलाच आलेलं असतं.